काशाच्या वाटीचं काळं

ये, अशी जवळ ये. उंबऱ्यात पाव्हणीसारखी काय बसायलीस? पाय वर घे, बाजेवर नीट टेकून बस, आणि ते तोंड एवढंसं करू नको. आईच्या घरी आलीस, तहसिलीत नाही आलीस.

तू इथं नाहीस, मला ठाऊक आहे. बाज रिकामी आहे, तिच्यावर मी तूर वाळत घातलीय. पण वहीत असं लिहिलं की तू आल्यासारखं वाटतं. तुला माहीतच आहे, मी शाळेत गेले नाही. तू पाटीवर गिरवायचीस आणि मी चुलीपुढं बसून राखेत गिरवायची. म्हणून माझं अक्षर अजून राखेत काढल्यासारखं फिसकटतं. वाचताना बोल लावू नको, मास्तरीणबाई.

आता रागावू दे मला थोडं. जिंतूर काय परदेशात आहे का गं? तिथनं परभणी, परभणीला गाडी बदलायची की ताडकळस, आणि तिथनं आपलं गाव म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. तरी दिवाळीपासून तू आली नाहीस. संक्रांत गेली, शिमगा गेला. फोन केला की, "आई, शाळेला सुट्टीच न्हाई." शाळेच्या सुट्ट्या मला कळत नाहीत होय? भिंतीवर कालनिर्णयासारखं मोठं पान टांगलंय, त्यात सगळं तांबड्यानं लिहिलंय.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. दिवाळीत मी जे बोलले त्यासाठी येत नाहीस. ते शब्द मी इथं लगेच लिहीत नाही, माझा हात धजत नाही. आधी वाटीचं सांगते, तुझ्या बाबांच्या पायाचं सांगते. मग त्या शब्दांपाशी येते.

वाटी तुझ्या आजीची, म्हणजे माझ्या सासूची. काशाची, सपाट बुडाची, तळहातात बसेल एवढी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन गोष्टी पहिल्या आठवड्यात शिकवल्या. एक, ज्वारीची भाकरी तव्यावर टाकल्यावर पाणी कोणत्या हातानं फिरवायचं. आणि दुसरी, दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाच्या तळपायाला तूप लावून ही वाटी गोल गोल कशी घासायची. घासता घासता तूप काळं पडायला लागतं. तळपाय काळा होतो, वाटीचं बूड काळं होतं. सासूबाई म्हणायच्या, "बघ, उष्णता उतरायली. जेवढं काळं निघंल तेवढी आग बाहेर पडली म्हणून समज."

मी ते देववाक्य मानलं. अख्खा गाव मानतो. कापूस वेचणीच्या दिवसांत बायांचे डोळे जळायचे तर त्या एकमेकींचे पाय घासायच्या. तुझे सुद्धा घासलेत मी. तू गुदगुल्या होऊन एवढी खिदळायचीस की शेजारची म्हातारी ओरडायची, "पोरीला मारायलीस का हासवायलीस?"

तुझ्या बाबांना साखर निघाली ती गावच्या शाळेत तपासणीची माणसं आली होती तेव्हा. बोटाला टोचून एक थेंब घेतला आणि सांगितलं. घरी येऊन हसतच बसले. म्हणाले, "जल्मभर गूळ खाल्ला आन् अंगात साखर निघाली. कारखाना टाकू का आता?" मी पण हसले. गोळ्या सुरू झाल्या. चहातली साखर गेली. त्यांना वाटलं, संपलं.

मग पायाला मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग चवड्याला. मुंग्यांचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. पुढच्या साली मात्र म्हणायला लागले, "पायाखाली इस्तू ठेवल्यावाणी जळायलंय." मी कंदील घेऊन, पुढं चष्मा लावून, त्यांचे तळपाय बघितले. लाल नाही, सूज नाही, काटा मोडलेला नाही. चार दिवस रानात गेले नाहीत म्हणून कातडी उलट मऊ पडलेली. मी म्हणाले, "अवं, कुठं काय हाय? पाय तर लेकराच्या पायावाणी हायेत."

"दिसत न्हाई गं. पण हाय."

"न दिसता कसं असंल?"

त्यांनी पाय माझ्या हातातून काढून घेतला.

थंडीत ते अंगावर वाकळ घेऊन बसायचे आणि पाय मात्र बाहेर. अंगठ्यावर चादरीचं टोक पडलं तरी पाय झटकायचे. रानात पाणी द्यायची पाळी आली की सगळ्यांच्या आधी निघायचे. आधी मला वाटलं, बरं झालं, कामाला ओढ लागली. मग एक दिवस भाकरी घेऊन गेले तर बघते, पाटाचं दार मोडून पाणी पुढं वळवायचं सोडून हा माणूस पाटाच्या पाण्यात घोट्याएवढा उभा. खोरं बाजूला पडलंय, पाणी एकाच सरीत भरून वाहायलंय. बांधावरून एकजण ओरडला, "काय हो, म्हशीवाणी पाण्यात काय शिरलाव?"

हे तिथूनच म्हणाले, "म्हैस शहाणी असती बाबा. तिला इचारून उभा हाय."

सगळे हसले. मी नाही हसले, मी रागावले, कारण खालच्या अंगाचा हरभरा पिवळा पडायला लागला होता.

आणि चपलेचं तर तुला माहीत आहे, कारण ते मी तुला फोनवर हसून हसून सांगितलं होतं. ताडकळसच्या बाजारातून आले, पिशवी खाली ठेवली. मी बघते तर एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. मी म्हणाले, "दुसरी कुठं हाय?"

"काय दुसरी?"

"चप्पल."

"हाय की पायात," असं म्हणून त्यांनी खाली बघितलं.

त्यांचं तोंड कसं झालं ते मी तेव्हा बघितलं, पण वाचलं नाही. चिखलात कुठंतरी ती रुतून राहिली असणार आणि हा माणूस तसाच एका पायानं उघडा चालत आला होता. मी अख्ख्या आळीला सांगितलं. बाया म्हणाल्या, "कुण्या रमणीला बघायच्या नादात चप्पल सांडली म्हाताऱ्यानं." ते पण हसले. पण त्या दिवसानंतर बाजारात जाताना चपलेला सुतळी बांधायला लागले.

आता तूच सांग, मी अडाणी बाई काय समजणार? चप्पल पायातनं गेलेली ह्यांना कळत नाही आणि पातळ चादर अंगठ्याला लागलेली सोसत नाही. एकाच पायात असं दोन्ही कसं? म्हणून मी त्यांना एकदा नाही, पुष्कळ वेळा म्हणाले, "सोंग करायलाव तुमी." हा शब्द मी वापरला. सोंग. लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही.

पण इलाज सोडला नाही मी. सासूबाईंची वाटी काढली. रोज दिवेलागणीनंतर ते बाजेवर बसायचे, मी खाली पाटावर बसायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि घासायची. उजवा, मग डावा. काय काळं निघायचं बाई! मी म्हणायची, "बघा, केवढी आग साठली होती." ज्या दिवशी जास्त काळं निघेल त्या दिवशी मला वाटायचं, आज लय चांगलं काम झालं. आणि काळं जेवढं जास्त तेवढा माझा हात जड.

सात वर्षं घासलं गं मी.

आणि त्या सात वर्षांतलं मला काय आवडायचं, सांगू? तुझे बाबा किती कमी बोलायचे ते तुला आठवतं. जेवताना नाही, रस्त्यानं चालताना नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दिवसात दहा शब्द धड नाहीत. पण त्या वेळेला, पाय मांडीवर घेतला आणि वाटी फिरायला लागली की हा माणूस बोलायला सुरुवात करायचा. मोठ्या आवाजात. त्यांच्या मामाचा बैल नदीत कसा वाहून गेला आणि दुसऱ्या गावच्या काठाला कसा जिवंत निघाला. लग्नाच्या वऱ्हाडात ट्रॅक्टर बंद पडला तर नवरदेवानं कसा धक्का मारला. एकच गोष्ट चार-चार वेळा. मी म्हणायची, "हे झालं सांगून." तर म्हणायचे, "पुन्यांदा ऐक." मला वाटायचं, उशिरा का होईना, नवरा माझ्याशी बोलायला लागला. मी दिवसभर त्या तासाची वाट बघायची. भाकरी लवकर उरकायची. सासू गेली, तू सासरी गेलीस, घरात आम्ही दोघंच. त्यात तेवढा एक तास माझा होता.

घासून झालं की मी त्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा गार पाण्यात बुडवून पिळायची आणि त्यानं पाय हलक्या हातानं पुसून घ्यायची. मग ते गप व्हायचे. डोळे मिटायचे. मला वाईट वाटायचं, की बघा, संपलं बोलणं, दमले.

ते गेले ते हृदयानं गेले, पायानं नाही. तुला माहीत आहे सगळं, तू होतीस. पण एक तुला माहीत नाही. भावकीतल्या माणसांनी त्यांना अंघोळ घातली, मग मी तळपायाला तूप लावायला बसले. वाटी नव्हती, नुसत्या हातानं लावलं. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. हे पाय त्यांचे नाहीत असं वाटायला लागलं. किती वेळ मला कळेना काय ते. मग कळलं. बोटं सरळ होती. सात वर्षं माझ्या मांडीवर त्यांची बोटं मुडपलेलीच असायची, आत घट्ट ओढलेली. मला वाटायचं, पायाची ठेवणच तशी झाली वयानं. त्या दिवशी ती मोकळी होती. मी ते बघितलं, आणि बाकीच्या रडण्यात विसरून गेले.

दिवाळीत आठवलं.

तुला साखर निघालीय हे तू मला दोन वर्षं सांगितलं नव्हतंस. जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं म्हणून कळलं. मी रागावले, मग वाटी काढली. तू म्हणालीस, "राहू दे आई." मी म्हणाले, "गप बस, आईचा हात हाय." तू बसलीस. त्याच बाजेवर. मी पाय मांडीवर घेतला, तूप लावलं, वाटी फिरवली.

आणि तू बोलायला लागलीस.

तू बाबांवर गेलेली, कमी बोलणारी माझी लेक, एकदम भडाभडा सांगायला लागलीस. वर्गात एका पोरीनं डब्यात बेडूक आणला, तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला, सगळं मोठ्या आवाजात, श्वास न घेता. मी हसत होते. हसता हसता वर बघितलं तर तुझा हात बाजेच्या दोरीला आवळलेला. बोटांची पेरं पांढरी पडलेली. मग खाली बघितलं. मांडीवर तुझ्या पायाची बोटं आत मुडपलेली, घट्ट.

माझा हात तिथंच थांबला. बेडूक टेबलावर राहिला.

मी म्हणाले, "दुखायलंय का तुला?"

तू खाली बघून मान हलवलीस.

"किती?"

"लय, आई."

"आन् बाबांना?"

तेव्हा तू सांगितलंस. मी घासायला लागले त्याच साली परभणीच्या दवाखान्यात तू त्यांच्याबरोबर आत गेली होतीस, मी चिठ्ठी घेऊन खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभी होते. डॉक्टर म्हणाले होते, घासू नका, काही चोळू नका, रोज पाय फक्त बघायचे, कोमट पाण्यानं धुवायचे, हलक्या हातानं पुसायचे. आणि तिथनं निघून स्टँडवर चहा पिताना बाबांनी तुला गळ घातली. काय म्हणाले ते तू त्यांच्याच आवाजात सांगितलंस गं, तसंच मान खाली घालून: "तुझ्या आईला सांगू नको. तिला माझ्यासाठी करायला तेवढं एकच उरलंय. ते बी काढून घेतलं तर ती काय करंल? एका तासाचं काय, सोसतो मी."

मी ते ऐकलं आणि मला लाज वाटली. लाज एवढी मोठी होती की ती आतमध्ये मावेना, मग तिचा राग झाला. वाटी मी भिंतीवर फेकली. तुपाचा डाग अजून आहे तिथं, येऊन बघ. आणि मी म्हणाले...

आता लिहिते. मी म्हणाले, "बापलेकीनं मिळून सात वर्षं माझा तमाशा केलात. बस तू बी त्याच्यावाणी गप, आन् जा त्याच्यावाणीच."

जा त्याच्यावाणीच. पोटच्या लेकीला, ज्या लेकीच्या पायाला तेच दुखणं लागलंय तिला, दिवाळीत, दिवा जळत असताना. पाडव्याच्या सकाळी तू पिशवी भरलीस. मी चुलीपुढनं उठले नाही. गाडीचा आवाज आला तरी उठले नाही.

त्यानंतर तुझी लेक येऊन गेली. तुला सांगितलं नाही म्हणाली, तर आता सांगते, तिला रागावू नको. शिमग्याच्या आधी आली, पुण्याहून, एक मुक्काम राहिली. कसला अभ्यास करायलीस विचारलं तर म्हणाली, "कातडीचा, आज्जी."

"चांभारकीचा?"

हसून हसून लोळली. मग म्हणाली, माणसाच्या कातडीतल्या नसांचा. मी म्हणाले, "मग मला एक सांग. न दिसणारं दुखणं असतं का?"

तिनं भिंतीवरच्या मोठ्या पानाचा मागचा कोरा भाग घेतला आणि काढून दाखवलं. नसांचे बारीक तंतू पायाच्या बोटांपर्यंत येतात, तिथं आणखी बारीक होऊन कातडीच्या अगदी वरच्या थरात शिरतात. ते मला ज्वारीच्या मुळ्या उलट्या धरल्यासारखे दिसले. त्या टोकांच्या खालीच, कातडीत, तिनं चांदणीसारख्या पेशी काढल्या. त्यांना लांब हात, आणि हातांत ती टोकं धरलेली. म्हणाली, "नसांना सांभाळणाऱ्या पेशी आहेत ह्या. आधी सगळ्यांना वाटायचं, ह्या नुसत्या सांभाळतात. आता दिसायलंय की टोचलं, दाबलं तर त्यांना स्वतःला सुद्धा कळतं, आणि त्या नसेला हाक मारतात."

"म्हणजे जागल्या आन् निरोप्या एकच."

"तसंच, आज्जी."

"मग साखरेनं काय व्हतं?"

"साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ह्या पेशी बिघडतात. हात आखडून घेतात. तंतूंचं टोक सुटतं, सुकतं. जिथं सुकलं तिथं चप्पल गेलेली कळत नाही. आणि जे उरले, त्यांना कारण नसताना आग झाल्यासारखं वाटतं, चादर सुद्धा टोचते."

"एकाच पायात दोन्ही?"

"एकाच पायात दोन्ही."

मी त्या चांदण्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे पक्कं हाय का तुझं?" ती खरी पोर आहे, तुझ्यासारखी. म्हणाली, "पुरतं नाही, आज्जी. एकाला दुखतं आणि एकाला नुसतं बधिर होतं, असं का, ह्या पेशींचा त्यात वाटा किती, ते अजून शोधायलेत. ज्वारीच्या दाण्याएवढी कातडी काढून बघतात. पण पाय वरून चांगला दिसला तरी आत हे झालेलं असतं, एवढं पक्कं आहे."

"सोंग नव्हतं मग."

"नव्हतं, आज्जी."

मी विचारलं, "घासल्यानं त्यांना दुखलं असंल का?" तिनं माझा हात हातात घेतला, पण खोटं बोलली नाही. म्हणाली, "दुखलं असेल."

मला तरी ते काळ्याचं कोडं सुटेना. म्हणाले, "पण आग निघायची गं. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय, वाटी काळी कुट्ट व्हायची." ती उठली, वाटी शोधून आणली. तिचा एक काठ भिंतीवर आपटून चेपलाय. पाट्यावर, मसाला वाटायच्या आपल्या पाट्यावर, तिनं थेंबभर तूप टाकलं आणि वाटी घासायला लागली. गोल गोल, मी घासायची तशीच. थोड्या वेळानं तूप काळं पडायला लागलं. पाटा काळा झाला. वाटीचं बूड काळं झालं.

पाट्याला कुठं साखर होती गं? पाट्याला कसली आग होती?

धातूचंच काळं ते. सासूबाई पण चुकल्या, मी पण चुकले, गाव पण चुकलं. सासूबाईंच्या काळात चाललं ते, कारण चांगल्या पायाला त्यानं बरंच वाटतं. पण मी ज्या पायाला घासत होते त्या पायातले राखणदार हात सोडून बसलेले, आणि मी काळं बघून बघून जोर लावत होते. दगडावर घासलं असतं तरी तेवढंच निघालं असतं.

तुझी लेक गेली. मी दोन दिवस जेवले नाही, खोटं कशाला सांगू. मग तिसऱ्या दिवशी पाटा धुताना माझ्या मनात आलं, की वाटी फिरायची तेव्हा ते बोलायचे. मी पुसायला लागले की गप व्हायचे, डोळे मिटायचे. मी बोलण्याला सुख समजले आणि गप बसण्याला दमणं. तो बैल नदीत वाहून गेला, चारदा वाहून गेला, तो माझ्यासाठी नव्हताच गं. तो त्यांना तो तास पार करायला लागायचा. आणि ज्याची ते वाट बघत बसायचे ते हे होतं, गार फडकं आणि माझा हलका हात. रोज तेवढं दोन मिनिटांचं. दोन मिनिटं तरी मी त्यांना बरोबर दिली, एवढं मी धरून बसलेय. जास्त धरत नाही. जास्त धरलं तर ते पण सोंग होईल.

एक मात्र मला अजून सोसत नाही. त्यांनी सांगायला पाहिजे होतं. "दुखायलंय, थांब," एवढंच म्हणायचं. मी रडले असते, रागावले असते, मग थांबले असते आणि नुसतं फडकं ओलं करून बसले असते. बैलाची गोष्ट त्यांनी मग आपल्या मर्जीनं सांगितली असती, किंवा नसती सांगितली. त्यांनी माझं मन सांभाळलं, तू त्यांचं वचन सांभाळलंस, आणि सांभाळता सांभाळता तुम्ही दोघांनी मला अंधारात बसवलं. हा राग आहे माझ्यात, लपवत नाही. पण "जा त्याच्यावाणीच" हे त्या रागाचं नव्हतं. ते भीतीचं होतं. तुझी मुडपलेली बोटं बघून मला त्यांची मोकळी झालेली बोटं आठवली. माझं चुकलं, बाई. मी म्हातारी आहे आणि तुझी आई आहे, तरी माझं चुकलं. ते शब्द मी परत मागते.

वाटी मी मिठाला लावलीय. चेपलेल्या काठानं मीठ चांगलं निघतं.

बाबांचं एक धोतर राहिलं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्याचे मी चौकोनी तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या, उन्हात वाळवून डब्यात ठेवले. ताडकळसच्या बाजारातून एक हातात धरायचा आरसा आणलाय. दुकानदार म्हणाला, "आजी, ह्या वयात नटायचं हाय का?" मी म्हणाले, "हो रे बाबा, पाय नटवायचेत." तुझ्या तळपायाखाली धरायचा आहे तो, कुठं चीर नाही ना, फोड नाही ना ते बघायला. मी फक्त बघणार. हात लावायच्या आधी विचारणार, लावू का म्हणून. तू नको म्हणालीस तर फडकं तुझ्या हातात देईन आणि बाजूला बसेन. आणि दुखलं तर दुखतंय म्हणायचं माझ्यापाशी. बेडकाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. तो बेडूक पुढं कुठं गेला ते मात्र मला ऐकायचंय, ते पाय खाली असताना सांग.

वहीची ही पानं उद्याच पाकिटात घालून तुला धाडते. सकाळची शाळा लागली असेल आता. शनिवारी दुपारच्या गाडीत बस, परभणीला उतरून काही खाऊन घे, उपाशी राहू नको, तुझ्या गोळ्या आहेत. ताडकळसची गाडी सुटली की फोन कर. बंद पायाची चप्पल घाल, आणि उतरताना दोन्ही पायांत आहे ना ते खाली बघ. मी तूर उचलून बाज रिकामी करून ठेवते आणि फाट्यावर येऊन बसते. लवकर ये.